डब्याची सीट

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता, वरठीच्या पुढे पाचेक किलोमीटरवर, मोहाच्या झाडाखाली एक बाई पावसात भिजत उभी होती. छत्री होती तिच्याजवळ. पण ती तिनं मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधलेल्या निळ्या डब्यावर धरली होती.

रस्त्यानं एक सायकलवाला आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पॅंटचे पाय दुमडलेले. थोडा पुढे गेला, थांबला आणि पाय टेकत टेकत मागे आला.

"गाडी बंद पडली का जी?"

"नाही," रिता म्हणाली. "उभी केली."

"बरं." त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि तोही झाडाखाली येऊन उभा राहिला.

रितानं एक पाऊल डब्याकडे सरकून विचारलं, "तुम्ही काहून थांबले?"

"पाऊस आहे. अन् झाड काही तुमच्या एकटीचं नाही."

रिता घड्याळ बघत राहिली. नऊ वाजून चार मिनिटं. खैरटोल्याच्या अंगणवाडीत शकुन सिस्टर वाट बघत असणार. रोवण्याचे, म्हणजे धान लावायचे दिवस. बाया आपापली लेकरं कडेवर घेऊन येतात, पण दहाच्या ठोक्याला धानाच्या बांधीत उतरतात. दहा वाजेपर्यंत लस पोचली नाही तर त्या थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं म्हणण्याची कुणाची छातीही होत नाही. धानाला जसा त्याचा दिवस असतो तसाच लेकराच्या लसीलाही असतो, हे खरं. पण मुकादमाला कोण समजावणार?

"डब्यात काय आहे?" त्यानं विचारलं. "छत्री त्याले अन् तुम्ही भिजून राहिले."

"लहान लेकरांची लस. बर्फात ठेवलेली."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मागे सरलं. "मग सांगाचं ना पहिलेच. पाहू द्या गाडी."

"हात लावू नका." रिताचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "बॅटरीची आहे. ओली आहे. करंट लागल."

"लागत नाही. मी प्लांटात बिजलीवाला आहो. दहा वर्षं झाली… करंट मले तोंडानं ओळखते."

नाव त्यानं भूपेंद्र सांगितलं. गाव तुमसरकडचं, राहायला वरठीत खोली करून. रितानं सगळं नीट ऐकून घेतलं, त्याच्या खिशावरचं कारखान्याचं ओळखपत्र वाचलं, फोटोशी तोंड जुळवलं. मगच बाजूला झाली.

भूपेंद्र खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे काय आहे?"

"पाणी जाऊ नये म्हणून…"

बॅटरीच्या तारा जिथे जोडल्या होत्या तिथे युरियाची एक पिशवी होती. सुतळीनं आवळलेली. तिच्या आत दुसरी. दुसरीच्या आत तिसरी. तिसरी सोडली तेव्हा आत, जोडाला गुंडाळलेलं, एक लहानसं लाळेरं निघालं. त्यावर पिवळं बदक.

"एवढं आवळून तं आम्ही रोवण्याची पेंडीही बांधत नाही," तो म्हणाला. मग त्यानं लाळेरं पिळलं. त्यातून पाण्याची धार लागली.

रिता बघतच राहिली. "पण बाहेरून एक थेंबही…"

"बाहेरून नाहीच गेला. हे आतलं आहे. गाडी गरम होते, आत वाफ धरते, वाफेले जायले जागा नाही. तुमची गाडी पावसानं नाही बंद पडली. तिले घाम आला."

त्यानं सायकलच्या कॅरिअरवरचा जेवणाचा डबा उघडला, पोळ्यांवरचं कोरडं फडकं काढलं, जोड पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. एकच पिशवी वरून छपरासारखी सैल बांधली, खालून तोंड उघडं. किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला.

रितानं छत्री मिटली.

"धन्यवाद, भाऊ," ती म्हणाली आणि निघाली. नऊ वाजून बावीस मिनिटं. पोचली ती पावणेदहाला. तेरा लेकरं, तेरा टोचण्या, एकही बाई परत गेली नाही.

घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की लेकीचं, गुड्डीचं लाळेरं त्या माणसाकडेच राहिलं.

रिता बी.एस्सी. झालेली. नवरा तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा गुड्डी सव्वा वर्षाची होती. आता पाचवं सरत आलं होतं. त्या चार वर्षांत रितानं प्रत्येक गोष्ट झाकायला शिकून घेतलं होतं. दुधावर जाळी, दुधाच्या जाळीवर ताट. गुड्डीला स्वेटर, स्वेटरावर टोपी, टोपीवर सासूबाईंचा रुमाल. त्यामुळे नागपूरचा भाऊ मनिष दूरच्या नोकरीवर जाताना आपली बॅटरीची मोटरसायकल तिच्या दारात लावून गेला, तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं असेल ते सांगायला नको.

पण त्याच रितानं आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं होतं की खैरटोल्याचा डबा मी नेते. आजवर डबा कवडूभाऊ पेट्रोलच्या गाडीवर नेत. त्यांची कंबर धरली होती, तरी ते सोडायला तयार नव्हते. "पाण्यात बॅटरीची गाडी?" ते हसले होते. "बाई, लेकराची माय आहेस तू."

"म्हणूनच नेते," रिता म्हणाली होती.

डॉक्टर मॅडमनी दोघांकडे बघून निकाल दिला. पोळ्यापर्यंत डबा रिताकडे. एकही मंगळवार बुडाला नाही तर रस्ता कायमचा तिचा. एक जरी बुडाला, तर कवडूभाऊंचा.

पुढच्या मंगळवारी मोहाच्या झाडाखाली सायकल उभी होती.

पाऊस नव्हता. ऊनही नव्हतं. असं एक ओलं, राखाडी उजेडाचं आभाळ होतं. रितानं गाडी हळू केली. थांबायचं काही कारण नव्हतं. थांबली.

"झाड आवडलं वाटते."

"सावली चांगली आहे," भूपेंद्र म्हणाला.

"ऊन कुठं आहे?"

त्यानं वर पाहिलं, जसं काही त्याला आत्ताच कळलं. "हाव. नाही आहे."

रिताला हसू आलं. तिनं ते हेल्मेटच्या काचेआड लपवलं. मग त्यानं, जणू त्यासाठीच उभा होता, रस्त्याकडे बोट दाखवलं. डांबरावर चिखलाचे जाड पट्टे पडले होते. "ट्रॅक्टर बांधीतून निघतात, लोखंडी चाकाचा गारा सडकेवर सोडत जातात. पेट्रोलच्या गाडीले जोर यायले वेळ लागते. तुमची एकदम ओढते. म्हणून गाऱ्यावर मूठ पिरगळाची नाही. पहिलेच सोडाची, अन् गाडी आपल्यानं जाऊ द्याची. ब्रेकही दोन्ही, हळू… झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढतो तसे."

"तुमाले काय माहीत लेकराच्या अंगावरून हात कसा काढतात?"

"बहिणीचे चार आहेत. सगळे मीच झोपवले."

ही माहिती त्यानं जरा घाईनं दिली. रितानं ती घाई टिपली. चार भाचे, म्हणजे स्वतःचं कुणी नाही. मग स्वतःवरच चिडून ती निघून गेली.

तिसऱ्या मंगळवारी रिता घाबरलेली आली. तिच्या गाडीला आवाज नाही. प्लास्टिकचा घोंगता डोक्यावरून घेऊन बाया रस्त्यानं चालतात, पाठीमागून गाडी आली हे त्यांना कळत नाही. हॉर्न वाजवला तर दचकून नेमक्या मधे येतात. आज एक म्हातारी पडता पडता राहिली होती.

भूपेंद्रनं खिशातून पान्हा काढला. आपल्या सायकलची घंटी सोडली आणि तिच्या हँडलला बसवली. पितळेची, जुनी, वाटीएवढी. अंगठ्यानं दाबली. ट्रिंग… पाऊस थांबल्यासारखा वाटला.

"अन् तुमच्या सायकलले?"

"मले तोंड आहे ना. बाजू, बाजू म्हणत जाईन."

"प्लांटात एवढी बिजली, अन् तुम्ही सायकलवर काहून फिरता?"

"दिवसभर तिच्याच संगं राहतो. घरी जाताना तिलेही सुट्टी पाहिजे."

रितानं घंटीवर अंगठा ठेवला. "मग… येते मी."

ती दहा पावलं गेली असेल. मागून आवाज आला, "आज भाऊ नाही म्हटलं."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. घंटी मात्र वाजली. रस्त्यावर कुणी नव्हतं तरी.

श्रावण असा मंगळवारामंगळवारांनी सरत आला. खैरटोल्यात आता घंटी ऐकली की बाया लेकरांची नाकं पुसायला घ्यायच्या. एका रविवारी भूपेंद्र गाडीचं चाक बघायला घरी आला. अंगणातच उभं राहून त्यानं चहा प्यायला. गुड्डीनं त्याला विचारलं, "तुमी आमच्या गाडीचे डॉक्टर आहे का?" तो म्हणाला, "कंपाउंडर." सासूबाई, रंभाबाई, उंबऱ्यात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या दिवशी खडे त्यांनी फार वेळ निवडले.

मग पोळ्याआधीचा शेवटचा मंगळवार आला. आणि त्याच्या आधी तीन दिवस न थांबणारा पाऊस.

सोमवारी संध्याकाळी डॉक्टर मॅडमचा फोन आला. "रिता, उद्या तू राहू दे. नाल्याच्या रपट्यावर पाणी आहे, बुटका पूल पार बुडालाय. कवडू जाईल दुसऱ्या रस्त्यानं. तुझा माणूस येऊन सांगून गेला, खूप काळजी करत होता."

"माझा कोण माणूस, मॅडम?"

"अगं, तो… प्लांटातला. बिजलीवाला."

रिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काही क्षण तिला फक्त पन्हाळीचं पाणी ऐकू येत होतं.

"मॅडम, डबा मी नेणार. रपट्यावर चाक टाकणार नाही, तुमसर रोडनं राईस मिलपर्यंत जाईन, तिथून नहराच्या पाळीनं, कालव्याच्या कडेकडेनं. लांब आहे, पण पाणी नाही. कवडूभाऊही तिथूनच जाणार ना?"

"दहाच्या आत पोचला पाहिजे, रिता. बाया थांबणार नाहीत, आणि मग मीही थांबणार नाही."

"पोचेल."

या आठवड्यात भूपेंद्रची रात्रपाळी होती. तो कामावर जायला निघतो त्या वेळी ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. या वेळी छत्री तिच्याच डोक्यावर होती. तो लांबूनच हसत आला. जवळ आल्यावर हसायचा थांबला.

"तुम्ही मॅडमले जाऊन सांगितलं."

"पाणी फार आहे, रिता. मले भेव वाटलं."

"मले विचारलं?"

त्यानं सायकलचं हँडल उगीच सरळ केलं.

"पोळ्यापर्यंतचा करार तुमाले माहीत होता. आठ मंगळवार मी एकही बुडू दिला नाही. अन् शेवटचा तुम्ही बुडवाले निघाले. माझ्या काळजीनं." तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "भेव मलेही वाटते. घराच्या बाहेर पाय टाकला की वाटते, परत येईपर्यंत वाटते. मी ते संगं घेऊन जाते. घरी ठेवता येत नाही म्हणून. तुम्हीच मले सांगितलं होतं ना, आवळून बांधलं की आतूनच पाणी सुटते? अन् आता तुम्ही मले युरियाच्या पिशवीत बांधून राहिले. एकात एक. तीन."

पाऊस त्याच्या दुपट्ट्यावरून नाकाच्या शेंड्यावर येऊन गळत होता. त्यानं तो पुसला नाही.

"उद्या झाडाखाली थांबू नका," रिता म्हणाली. "मी त्या रस्त्यानं जाणारच नाही."

त्या रात्री दहाला वरठीची लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. साडेसातला रितानं किल्ली फिरवली तेव्हा बॅटरी एकतीस टक्के होती. नेहमीच्या बारा किलोमीटरला ती पुष्कळ झाली असती. आजचे होते पंचवीस, आणि त्यातले अकरा चिखलाचे.

"राहू दे म्हणू का मी?" रंभाबाईंनी विचारलं.

"म्हणा. पण मी जाईन, आई."

"मग नाही म्हणत. गुड्डी झोपेत आहे तवरच निघ."

केंद्रावर डबा भरून, पट्टा आवळून, आठ वाजून दहा मिनिटांनी ती तुमसर रोडला लागली. वारा समोरून. पाऊस असा की डोळे मिटावे तर रस्ता जातो, उघडावे तर टोचतो. ट्रॅक्टरचा गारा दिसला की ती मूठ सोडायची आणि श्वास धरायची. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात… राग आला तरी शिकवलेलं हातात राहतंच. एका ठिकाणी मागचं चाक वीतभर सरकलं. तिनं ब्रेक लावला नाही. चाक आपल्यानं जागेवर आलं. तिचं काळीज मात्र बऱ्याच वेळानं आलं.

राईस मिलच्या फाटकाशी तिनं आकडा बघितला. बारा टक्के. वाजले होते पावणेनऊ.

मिलमध्ये लाईट होती, ती लाईन वेगळी. टेकचंद शेठ गल्ल्यामागून उठून आले. खैरटोल्याच्या डब्याची बाई त्यांना ऐकून माहीत होती. "पॉइंट घे ना, बाई. पाहिजे तेवढं घे. तार कुठं आहे गाडीची?"

तार. चार्जर. घरी, कपाटावर, गुड्डीचा हात पोचू नये म्हणून उंच ठेवलेला.

रिता कोंड्याच्या पोत्यांजवळ उभी राहिली. भिजलेले हात तिनं ओढणीला पुसले. ओढणी हातांहून ओली होती. मिलचा ट्रॅक्टर रोवण्याला गेलेला. शेठची गाडी तुमसरला. अकरा किलोमीटर चिखल आणि बारा टक्के. अर्ध्या वाटेत, नहराच्या पाळीवर, जिथे कुणी नाही तिथे गाडी उभी राहणार, डब्यासकट.

कवडूभाऊ अर्ध्या तासात इथं येऊ शकतील. इथून पुढे दहाच्या आत खैरटोला. जमेल. फक्त आत्ता फोन लावायला हवा.

आणि रस्ता जाईल.

तिनं फोन काढला. आठ मंगळवार, सगळा पाऊस, सगळं भेव… आणि खैरटोल्याला आज एकोणीस लेकरं. रस्ता कुणाचा ते मग. डबा आधी. तिनं कवडूभाऊंचं नाव काढलं आणि अंगठा त्यावर नेला.

"बाजू… बाजू…"

तिला आधी वाटलं, पावसाचाच आवाज. मग मिलच्या फाटकातून कोंबड्यांचा एक घोळका फडफडत आत आला आणि त्यांच्यामागून सायकल. भूपेंद्र. गुडघ्यापर्यंत चिखल, धाप इतकी की शब्द निघेना. कॅरिअरवर युरियाची पिशवी, सैल बांधलेली, तोंड खाली उघडं. पिशवीत चार्जर.

"रात्रपाळी सुटली… तं घरी गेलो," तो म्हणाला. "तुमच्या. माफी मागाले. आई म्हणाल्या, लाईट नव्हती रातभर, मिलच्या रस्त्यानं गेली. अन् हा कपाटावर दिसला."

चौदा किलोमीटर. समोरच्या वाऱ्यात. रात्रभर जागून.

रितानं फोन खाली केला. त्यानं भिंतीशी जाऊन पॉइंट बघितला, गाडीच्या चार्जिंगच्या तोंडावरचं झाकण उघडलं. त्यात थेंब होते. त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची लहान पुडी काढली, पुडीतून घडी केलेलं कापड. कोरडं, धुतलेलं. त्यावर पिवळं बदक.

त्यानं थेंब टिपले. तार लावली. दिवा लागला.

"हे तुमच्याजवळ होतं," रिता म्हणाली.

"वापस कराचं रोज ठरवत होतो."

"मग?"

"मग… तुमची गाडी पुन्हा बंदच नाही पडली."

टेकचंद शेठ खोकले आणि चहा सांगायला आत गेले. रिता भूपेंद्रकडे बघत होती. तो गाडीच्या आकड्याकडे बघत होता. तेरा. चौदा.

"म्हणा ना आता," ती म्हणाली. "डबा द्या, मी नेतो म्हणा."

"नाही म्हणत."

"काहून?"

"माझ्या सायकलले घंटी नाही." तो अजून आकड्याकडेच बघत होता. "अन् खैरटोल्याच्या बाया घंटी ऐकूनच थांबतात."

चहा आला. रितानं कप दोन्ही हातांनी धरला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आकडा पंचवीस झाला. तिनं हेल्मेट चढवलं. त्यानं डब्याचा पट्टा ओढून पाहिला, फक्त एकदा, आणि मागे सरला. "जपून" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेला तिला दिसला. त्यानं तो गिळला तोही दिसला.

नहराची पाळ म्हणजे रस्ता नव्हताच. दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. डावीकडे गढूळ पाणी काठोकाठ, उजवीकडे हिरव्या बांध्या. ती गवतावरून गेली. मूठ हळू, पाय टेकायला तयार, ओठांत एकोणीस हा आकडा. दोनदा गाडी रुतली, दोनदा उतरून तिनं ढकलली. चपलेचा एक अंगठा तुटला. तिनं चपला नहरकाठी ठेवल्या आणि अनवाणी पुढे निघाली.

खैरटोल्याच्या वेशीवर दहाला सात मिनिटं कमी होती. बायांची ओळ बांधीकडे निघालेली तिला पाठमोरी दिसली. नऊवार खोचलेली, घोंगते डोक्यावर. लेकरं म्हाताऱ्यांच्या कडेवर घरी परतत होती.

रितानं अंगठा दाबला. ट्रिंग. ट्रिंग. ट्रिंग…

पहिली बाई थांबली. मग दुसरी. मग ओळच्या ओळ वळली.

"मी तं रजिस्टर बंद केलं होतं, रिते," शकुन सिस्टर अंगणवाडीच्या दारात म्हणाल्या. "अन् चपला कुठं आहे तुझ्या?"

"येऊन राहिल्या मागून," रिता म्हणाली आणि पट्टा सोडला.

दुपारी ती मिलवर परतली तेव्हा भूपेंद्र कोंड्याच्या पोत्यांवर गाढ झोपला होता. दुपट्टा तोंडावर. तिनं स्वतःच तार लावली, स्वतःच झाकण पुसलं. तासभर बसून राहिली. पाऊस आता नुसता भुरभुर होता. माणूस झोपलेला असताना त्याच्याकडे किती वेळ बघावं याचा काही नियम नाही, म्हणून ती बघत बसली.

डॉक्टर मॅडमचा फोन आला. शकुन सिस्टरनं सगळं कळवलं होतं. "रस्ता तुझा," मॅडम एवढंच म्हणाल्या. "आणि चपला घे नवीन."

फोनच्या आवाजानं तो जागा झाला. तिच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "पोचला?"

"सात मिनिटं पहिले. रस्ताही मिळाला."

त्यानं पुन्हा दुपट्टा तोंडावर ओढला. थोड्या वेळानं दुपट्ट्याआडूनच म्हणाला, "रागावल्या आहात ना अजून?"

"हो."

"किती?"

रितानं गाडीचा आकडा बघितला. "चाळीस टक्के."

"घरापर्यंत उतरन का?"

"मागं कोणी बसलं तर लवकर उतरते. वजन पडते ना."

दुपट्टा बाजूला झाला. तो उठून बसला. "ती तं डब्याची सीट आहे."

"डबा मांडीवर घ्या. सायकल राहू द्या इथंच, शेठ कुठं पळून नाही जात."

"मी पळत नाही, बाई," टेकचंद शेठ आतून म्हणाले. "पण बाईच्या मागं माणूस बसून वरठीत शिरला तं लोक पाहतील, एवढं सांगतो."

"पाहू द्या," रिता म्हणाली. "पाहतील तं सडकेवरून बाजूलेही होतील."

ती पुढे बसली. तो मागे, निळा डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून, जसा कुणी देवाचा नारळ नेतो. गाडी आवाज न करता निघाली. दोन्ही बाजूंना धान वाऱ्यानं वाकत होतं, उठत होतं.

"आईनं काल विचारलं," रिता समोर बघत म्हणाली. "म्हणे, हा बिजलीवाला कधीपर्यंत आपल्या अंगणात उभ्या उभ्या चहा पिणार आहे?"

मागून डब्याचा कोपरा तिच्या पाठीला लागला.

"अन् तुम्ही… काय सांगितलं?"

"काल काहीच नाही. काल रागात होती. पण आज सांगते म्हटलं. बसवून आणते."

पुढे ट्रॅक्टरनं सोडलेला गारा होता, सडकेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. रितानं मूठ सोडली.

"डब्याले पट्टा आहे," ती म्हणाली. "तो पडत नाही. तुम्ही पडाल. धरा."

"कुठं धरू?"

एके दिवशी ज्या बाईनं गाडीलाही हात लावू दिला नव्हता, ती म्हणाली, "खांद्याले."

त्यानं हात ठेवला. हळू. झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. गाडी चिखलावर जराशी डोलली आणि आपल्यानं सरळ झाली. गारा संपला, कोरडं डांबर लागलं, तरी हात तिथंच होता. आणि रितानं, वरठीची पहिली घरं दिसू लागली तसा, घंटीवर अंगठा ठेवला.